नदीपलीकडची उपासना

सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ह्युगेनॉट, म्हणजे कॅल्व्हिनच्या मताचे प्रॉटेस्टंट, राजसत्तेकडे एकच मागणे मागत होते: आमची प्रार्थना गुन्हा मानू नये. १५५९ साली त्यांची पहिली राष्ट्रीय धर्मसभा पॅरिसमध्ये भरली, तीही चोरून. जानेवारी १५६२ च्या फर्मानाने त्यांस उपासनेची मोकळीक दिली. परंतु ती नगराच्या तटाबाहेर. आपल्या गावकुसाची आठवण व्हावी असाच हा न्याय! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत वासी येथे प्रार्थनेस जमलेल्यांची कत्तल झाली आणि धर्मयुद्धांस तोंड लागले. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांत येथून फर्मान काढले, तेव्हा कोठे त्यांचे अस्तित्व कायद्याने मान्य झाले. पॅरिसमध्ये उपासनेस बंदी राहिलीच. १६०६ पासून शहराबाहेरील शारांतों येथे त्यांचे प्रार्थनामंदिर होते आणि रविवारी पुष्कळ कुटुंबे सेन नदीतून नावेने तेथे जात.

याच काळात गोमंतकातही नावा चालत होत्या. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडीतील देवळे पाडली. १५४३ मध्ये बारदेश व साष्टी त्यांच्याकडे गेली. १५६० मध्ये धर्मन्यायालय आले. त्याच वर्षी कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. मध्ये पाण्याचा एक पट्टा. मुसलमान सुलतानाच्या अंत्रुज महालात हिंदू देवांस आसरा मिळावा, ही गोष्ट इतिहासाच्या ठोकळेबाज कल्पनांस धक्का देणारी आहे. पुढे १६२० च्या हुकमाने पोर्तुगीज हद्दीत हिंदू विवाहविधींस बंदी झाली. लग्न लावावयाचे तर वऱ्हाडाने हद्द ओलांडावी. एका घरचा मंगलाष्टकांचा स्वर सरकारी गुन्हा ठरावा, ही अवस्था लहानसहान नव्हे.

ह्युगेनॉटांपाशी सरदार होते, ला रोशेलसारखी तटबंद शहरे होती. गोमंतकीय हिंदूंपाशी तलवार नव्हती. व्यापार होता, महसुलाचे इजारे होते, दुभाषांची कामे होती. त्यांच्यावाचून पोर्तुगीजांचा कारभार चालेना. म्हणून एका हाताने निघणारे हुकूम दुसऱ्या हाताने सैल करावे लागत.

तलवारीने मिळालेली मान्यता टिकली असे मात्र नाही. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केले; शारांतोंचे मंदिर जमीनदोस्त झाले आणि अनेक ह्युगेनॉट परदेशी गेले. गोमंतकात चक्र उलट फिरले. १७६३-६४ च्या सुमारास हैदरअलीने सौंध्याचे राज्य घेतले, सौंधेकर राजा गोव्याच्या आश्रयास आला आणि अंत्रुज पोर्तुगीजांच्या हाती पडले. त्या वेळी त्यांनी तेथील देवळांस व धर्माचारांस हात न लावण्याचे वचन दिले. ज्या सत्तेच्या भयाने देव नदीपार गेले, तीच सत्ता दोन शतकांनंतर त्यांच्या दाराशी आली, ती असे वचन देऊन. जुन्या मुलुखात धर्मन्यायालय तरीही चालूच होते. १७७४ मध्ये ते बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मोडले. मंगेश कुठ्ठाळीस परतला नाही. तो प्रियोळातच राहिला.