पिठाची पोती आणि चमचमते गाऊन

'मंदी' हा शब्द आपल्या आय.टी.वाल्यांच्या चांगलाच परिचयाचा! २००१ आणि २००८ अशा दोन मंद्या मी इथे पाहिल्या. पण इथले आजी-आजोबा ज्याला 'डिप्रेशन' म्हणत, ते प्रकरण फारच भयंकर होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेत जवळजवळ दर चौथा कामगार बेकार झाला. गंमत म्हणजे त्याच काळातले हॉलिवूडचे चित्रपट पाहावेत, तर नायिका पायघोळ, चमचमत्या गाऊनमध्ये! बाहेर पावासाठी रांगा लागलेल्या असताना हा थाट आला कुठून? इतिहासाच्या आवडीपोटी मी थोडे वाचन केले, ते तुमच्यापुढे मांडतो.

मंदी आली की झग्यांची लांबी वाढते, असे एक लोकप्रिय मत आहे. १९२० च्या दशकात झगे गुडघ्यापर्यंत आले होते आणि १९३० नंतर ते पुन्हा खाली उतरले, हे खरे. पण पॅरिसच्या जाँ पातूने लांब झगे आणले ते १९२९ मध्येच, बाजार कोसळण्याच्या काही आठवडे आधी! मंदीने फॅशन बदलली नाही. बदललेली फॅशन सांभाळणे मात्र अवघड करून ठेवले. नवा झगा परवडेना, तेव्हा बायकांनी जुन्यालाच खाली कापडाची पट्टी जोडली.

पॅरिसच्याच मादलेन व्हियोने हिने कापड उरेब कापण्याची कला शिखराला नेली. आपल्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही उरेब पट्टी ठाऊक असते. हिने अख्खा झगाच उरेब बेतला. असे कापड अंगासरशी झुळझुळत पडते. पण त्याला कापड जास्त लागते. मग रेशमाऐवजी स्वस्त रेयॉन मदतीला आले.

हा थाट गावोगावी पोहोचवला सिनेमाने. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला त्याच वर्षी, म्हणजे १९३२ मध्ये, इकडे 'लेटी लिंटन' झळकला. त्यात जोन क्रॉफर्डने एड्रियनने बेतलेला, खांद्यांवर झालरींचे मोठमोठे फुगे असलेला पांढरा ऑर्गंडीचा झगा घातला होता. मेसीज् या दुकानाने त्याच्या नकला विकल्या. पुढे कथाचोरीच्या खटल्यामुळे चित्रपट दीर्घकाळ पडद्याआड गेला. झग्याची नकल करायला मात्र कायद्याची आडकाठी नव्हती!

ज्यांना नकलही परवडत नव्हती, त्यांनी घरातच सुई हातात घेतली. पीठ, साखर, कोंबड्यांचे खाद्य हे सारे सुती पोत्यांतून येई. शंभर पौंडांचे पोते उसवले की वारभराहून थोडे अधिक कापड निघे; तीनेक पोत्यांत एक झगा होई. हे लक्षात आल्यावर कंपन्या पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापू लागल्या आणि आपले नाव धुऊन जाणाऱ्या शाईत! जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आज्यांना यात काहीच नवल वाटले नसते.

या चमचमाटाची एक बाजू मात्र पडद्यावर दिसली नाही. हॉलिवूडच्या शेजारी, लॉस एंजेलिसच्या कारखान्यांत झगे शिवणाऱ्या बायका बहुतांशी मेक्सिकन होत्या. कॅलिफोर्नियात स्त्रियांसाठी आठवड्याला किमान १६ डॉलर मजुरी कायद्याने ठरलेली होती, पण अनेकींच्या हाती त्याहून पुष्कळच कमी पडत असे. ऑक्टोबर १९३३ मध्ये रोझ पेसोटा या कार्यकर्तीच्या पुढाकाराने त्यांनी संप केला. पदरात पडले थोडेच, पण त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली.

हे सारे वाचल्यावर त्या काळच्या फॅशनला नुसती चैन म्हणवत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला इस्त्रीचा शर्ट घालून इंटरव्ह्यूला जावेसे का वाटते, हे २००१ मध्ये मी जवळून पाहिले आहे. हाती पैसा नसला तरी चारचौघांत नीटनेटके दिसावे, ही इच्छा मंदीत मरत नाही. पोत्याच्या झग्याला सिनेमातल्यासारखी फुग्याची बाही लावणारी बाई तेच करत होती.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादा जुना कृष्णधवल चित्रपट लावाल, तेव्हा नायिकेचा गाऊन जरूर पाहा; आणि तो शिवणारीला आठवड्याला किती मिळाले असतील, हेही क्षणभर मनात आणा.