मलबारचा उडता बेडूक केवळ पश्चिम घाटात

मलबारचा उडता बेडूक ही वृक्षवासी प्रजाती जगात केवळ भारताच्या पश्चिम घाटात आढळते. महाराष्ट्रात आंबोलीच्या जंगलात तो पावसाळी रात्री दिसतो. थॉमस जेर्डन यांनी १८७० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. या हिरव्या बेडकाची लांबी सुमारे १० सेंटीमीटर असते. बोटांमधील नारिंगी-तांबडे पडदे पसरून तो ९ ते १२ मीटर अंतर हवेत तरंगत जातो.

मादी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या पानांत फेसाचे घरटे करून अंडी घालते. अंड्यांतून बाहेर आलेले बेडूकमासे खालच्या पाण्यात पडतात. त्यामुळे डबके शिल्लक राहूनही काठची झाडे तुटली, तर त्याच्या विणीची जागा नाहीशी होते.