केमिस्ट घडवण्याची रेसिपी : गीसेनची बराक ते बंगळूर

बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं सॉल्ट अ‍ॅनालिसिस आठवतंय? चिमूटभर पांढरी पूड द्यायचे, त्यात काय आहे ते आपण शोधायचं. मी पुढे बीटेक करून कोडिंगकडे वळलो, पण सडक्या अंड्यांचा तो वास अजून नाकात आहे. प्रयोग करत केमिस्ट व्हायची ही पद्धत रुजली कुठे, ते आज बघू.

1820 च्या आसपास युरोपात रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणी ऐकून शिकायचा विषय होता. प्रयोग प्राध्यापक करणार, मुलं लांबून बघणार. स्वतःच्या हाताने काम करायचं तर एखाद्या बड्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरकाव हवा, म्हणजे ओळख हवी. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन तरुणालाही पॅरिसमध्ये गे-ल्युसॅककडे जागा मिळाली, ती अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने शब्द टाकला म्हणून.

1824 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, लीबिग गीसेनला प्राध्यापक झाला. प्रयोगशाळा थाटली एका रिकाम्या बराकीत. शिकवण्याचा क्रम ठरला: आधी नमुन्यात काय आहे ते ओळखा, मग किती आहे ते मोजा, मग पदार्थ स्वतः बनवा, शेवटी स्वतःचं संशोधन.

1831 मध्ये त्याने पाच फुग्यांची एक काचेची नळी बनवली. आत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो. नळीचं वजन आधी करा, नंतर करा. 44 मिलीग्रॅम वाढलं, तर पदार्थात 12 मिलीग्रॅम कार्बन होता. मोजक्या निष्णात लोकांचं काम आता शिकाऊ मुलांना जमू लागलं. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर टूल चांगलं झालं, म्हणून टीम वाढली.

मग ही मुलं पसरली. हॉफमान 1845 मध्ये लंडनला गेला. त्याच्या हाताखालच्या 18 वर्षांच्या पर्किनला 1856 मध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला. गीसेनमध्ये लीबिगचा सहायक असलेल्या फ्रेझेनियसचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक देशोदेशी वापरलं गेलं. आपलं सॉल्ट अ‍ॅनालिसिस त्याच घराण्यातलं.

पण पद्धत खुली झाली म्हणून दार सगळ्यांना उघडलं असं नाही. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाईंची बहीण, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण ती मुलगी होती. ती हटली नाही. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे 1939 मध्ये तिने केंब्रिजची पीएचडी मिळवली. याच त्या कमला सोहोनी.

लीबिगच्या नळीला फक्त वजन कळायचं. ती कुणाच्या हातात द्यायची, हे मात्र माणसंच ठरवत होती.