लघू, गुरू आणि ‘लॅटरॅलस’

प्रोग्रेसिव्ह मेटल ही मेटल संगीताची अशी शाखा आहे, की जीत विद्युत-गिटारींचा जड नाद कायम राखून रचना दीर्घ केली जाते आणि चार-चारच्या सरळ आवर्तनांऐवजी पाच, सात, नऊ अशा विषम मात्रांची आवर्तने एकापुढे एक गुंफली जातात. लॉस एंजेलिसच्या ‘टूल’ या बँडचा मे 2001 मध्ये निघालेला ‘लॅटरॅलस’ हा अल्बम या शाखेत मानदंड ठरला असून, त्याच्या नऊ मिनिटांहून दीर्घ शीर्षकगीताकडे जाणकार श्रोते पुन्हा पुन्हा वळतात ते मुख्यतः त्यातील एका मोजणीसाठी. गायक मेनार्ड जेम्स कीनन याने कडव्यातील शब्दसमूह एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशा अक्षरसंख्येने वाढवत नेले आहेत आणि मग त्याच पायऱ्यांनी खाली उतरवले आहेत.

प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंच्या बेरजेइतकी असलेली ही श्रेणी पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते, कारण त्याने 1202 मध्ये सशांच्या वाढीचे उदाहरण घेऊन ती मांडली. तिचे जुने घर मात्र छंदःशास्त्रात आहे. मात्रावृत्तात, म्हणजे अक्षरांच्या संख्येऐवजी उच्चाराचा काळ मोजणाऱ्या वृत्तात, लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरतात. त्यामुळे ठरावीक मात्रांचा चरण किती प्रकारे रचता येईल, हा प्रश्न शास्त्रकारांपुढे आपोआप उभा राहतो. चरणाच्या शेवटी लघू असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेला चरण असतो आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेला. म्हणून कोणत्याही मात्रासंख्येचे प्रकार हे तिच्या मागच्या दोन संख्यांच्या प्रकारांची बेरीज ठरतात. दोन मात्रांचे दोन प्रकार, तीन मात्रांचे तीन, आणि त्यांची बेरीज घेऊन चार मात्रांचे पाच, म्हणजे दोन गुरू, एका गुरूसह दोन लघू अशा तीन मांडण्या आणि चार लघू. हा नियम विरहांकाने ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात सांगितला आणि सुमारे 1150 मध्ये हेमचंद्राने ‘छंदोनुशासना’त तो पुन्हा मांडला, म्हणजे पिसाच्या ग्रंथापूर्वी अर्धशतक.

हा विचार प्राकृतात रुजला यात नवल नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाहा सत्तसई’ महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिची गाथा हे मात्रावृत्तच आहे. मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या पश्चिमेस तेवर, म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी आहे. तेथील दरबाराशी दहाव्या शतकात राजशेखराचा संबंध होता, ज्याने ‘कर्पूरमंजरी’ हे नाटक संपूर्णपणे प्राकृतात लिहिले आणि ज्याचा पणजोबा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवला गेला. या कलचुरींचे कोरीव लेख नागपूरच्या वा. वि. मिराशींनी 1955 मध्ये संपादून प्रसिद्ध केले, तसेच छंदांच्या पोथ्यांचे काम मुंबईच्या विल्सन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांनी उचलले. हेमचंद्राचा ग्रंथ 1961 मध्ये आणि विरहांकाचा 1962 मध्ये त्यांच्या संपादनाने उपलब्ध झाला. पोथ्यांतील भ्रष्ट पाठ सुधारण्याच्या या कष्टांवाचून श्रेणीचे भारतीय मूळ कोणालाही पुराव्यानिशी दाखवता आले नसते, आणि मराठी वाचकाने वेलणकरांचे हे ऋण उघडपणे मान्य करायला हवे.

विरहांकापासून ‘टूल’पर्यंत सरळ वारसा आहे, असे यावरून म्हणता येत नाही. छंदःशास्त्रात या संख्या रचनांचे प्रकार मोजतात, तर गीतात त्या स्वतःच ओळींची लांबी होतात, आणि कीननची अक्षरे इंग्रजीतील असल्याने त्यांत लघुगुरूंचा हिशेब नाही. नाते आहे ते लयीच्या दुसऱ्या अंगात. ढोलवादक डॅनी केरी याने आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले होते, आणि मात्रा विषम तुकड्यांत विभागूनही आवर्तन पुरे करण्याची जी सवय झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन या विभागांत किंवा रूपकाच्या तीन-दोन-दोनमध्ये दिसते, तिच्याशी या गीताच्या पालुपदाची बांधणी जवळची आहे. तेथे नऊ, आठ आणि सात ठोक्यांची तीन आवर्तने ओळीने येतात. प्रत्येक मागच्यापेक्षा एका ठोक्याने आखूड असल्याने पाय निसटल्याचा भास होतो, पण तिन्ही मिळून चोवीस ठोके पुरे होतात आणि ऐकणाऱ्याला समेवर आल्याचे समाधान मिळते.

या तीन अंकांवरूनच गीताचे आरंभीचे नाव 9-8-7 असे होते, आणि 987 ही श्रेणीतील सोळावी संख्या असल्याचे वादकांच्या ध्यानात नंतर आले. विरहांकाच्या नियमाने पाहिले तर पंधरा मात्रांचा चरण लघुगुरूंनी जितक्या प्रकारे रचता येतो, त्या प्रकारांची संख्याही नेमकी 987 येते.