अ‍ॅडम्स हॉलमधली पाच वर्षं

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला आज वसतिगृहाच्या अर्जातच एक वेगळा पर्याय मिळतो. एकाच विषयाची आवड असणारी मुलंमुली एका मजल्यावर राहतात, त्यांचे काही तास एकत्र असतात आणि एखादा प्राध्यापक अधूनमधून त्यांच्यात येऊन बसतो. या व्यवस्थेचं कूळ सांगताना ऑक्सफर्ड-केंब्रिजचं नाव हमखास घेतलं जातं. ते चूक नाही, पण नवख्या विद्यार्थ्याचं राहणं आणि शिकणं एका सूत्रात ओवण्याचा अमेरिकेतला मोठा प्रयोग विस्कॉन्सिन राज्याच्या सरकारी विद्यापीठात झाला. १९२७ साली, मॅडिसन शहरात, मेंडोटा सरोवराच्या काठावरच्या अ‍ॅडम्स हॉल या वसतिगृहात. माझ्या मते त्या प्रयोगाचा प्राण होता सगळ्यांनी एका वेळी एकच गोष्ट अभ्यासण्यात. पुढच्यांनी छप्पर उचललं आणि नेमका हा प्राण मागे ठेवला.

प्रयोगाची गरज का पडली, ते थोडं मागे गेल्याशिवाय कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन विद्यापीठांवर जर्मनीचा पगडा बसू लागला होता. प्राध्यापकानं संशोधन करावं, व्याख्यान द्यावं. विद्यार्थी कुठे राहतो आणि रात्री कुणाशी बोलतो, याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नाही. मिशिगनचे अध्यक्ष हेन्री टॅपन यांनी १८५० च्या दशकात वसतिगृहाच्या खोल्यांचे वर्ग करून टाकले. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या प्रदीर्घ कारकिर्दीत विषय निवडण्याची जवळपास पूर्ण मोकळीक दिली. दोन्ही सुधारणा विचारपूर्वक केलेल्या होत्या आणि त्यांनी संशोधनाचं भलंही केलं. मात्र शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन मुलांनी वाचलेलं एकही पुस्तक सामाईक असेल, याची शाश्वती संपली. राहण्या-जेवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी फ्रॅटर्निटी म्हणवणाऱ्या विद्यार्थी-मंडळांच्या हाती गेली, आणि तिथे कुणाला घ्यायचं हे ठरवताना घराणं, पैसा आणि धर्म पाहिला जाई.

विस्कॉन्सिनचा प्रयोग उभा करणारे अलेक्झांडर मिकलजॉन यांना १९२३ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचं अध्यक्षपद सोडावं लागलं होतं. १९२५ मध्ये त्यांनी ‘सेंच्युरी’ मासिकात एका नव्या कॉलेजची कल्पना मांडली. मासिकाचे संपादक ग्लेन फ्रँक त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि पुढे त्यांनी मिकलजॉनना तिथे बोलावून घेतलं. तिथे त्यांनी सुरू केलेल्या ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’च्या पहिल्या तुकडीत ११९ मुलं होती. वर्षभर सगळ्यांना विषय एकच, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेन्स. इतिहास वेगळा, तत्त्वज्ञान वेगळं, अशी वाटणी नव्हती. थ्युसिडिडीस, सोफोक्लीस, प्लेटो वाचायचे आणि एक समाज कसा उभा राहिला, कसा ढासळला, हे सर्व बाजूंनी समजून घ्यायचं. दुसऱ्या वर्षी अमेरिका. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावाचा किंवा परिसराचा अभ्यास करून लिहायचं. ही कामगिरी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण दूरच्या नगरराज्यावर घासून घेतलेली नजर आता घरच्या माणसांकडे वळवायची होती. गुण मिळायचे ते दोन वर्षं संपल्यावर. शिकवणाऱ्यांना ‘सल्लागार’ म्हणत, त्यांच्या कामाच्या खोल्या वसतिगृहातच होत्या, आणि विद्यार्थी आपला निबंध घेऊन एकटाच त्यांच्यासमोर बसे. रात्री खोलीत पेरिक्लीसवर वाद पेटू शके, कारण वाद घालणाऱ्या प्रत्येकानं तेच पुस्तक त्याच दिवसांत वाचलेलं असे. एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून हार्वर्डची पहिली दोन ‘हाउसेस’ १९३० मध्ये उघडली, त्यांच्याशी तुलना केली की फरक लक्षात येतो. तिथे देखणी भोजनगृहं होती, ग्रंथालयं होती, निवासी शिक्षकही होते. पण प्रत्येकाचा अभ्यासक्रम आपापला, आणि पहिल्या वर्षाची मुलं तर या घरांच्या बाहेरच ठेवलेली.

हे सगळं इतकं चांगलं होतं तर १९३२ मध्ये बंद का पडलं, असा प्रश्न कुणीही विचारील. पटसंख्या घटत गेली, मंदी आली, आणि साहित्य-विज्ञान शाखेचे डीन जॉर्ज सेलरी यांनी उघड विरोध केला. विद्यार्थ्यांत परराज्यांतून आलेले पुष्कळ होते, त्यांत ज्यू मुलांचं प्रमाणही लक्षणीय होतं, आणि त्या काळचा पूर्वग्रह राज्यभरातल्या कुजबुजीत मिसळला. यातलं कोणतंही कारण, मुलं शिकली नाहीत, असं सांगत नाही. तरी दोष सगळा बाहेरच्यांवर टाकता येणार नाही. इतर विद्यार्थी या मुलांना ‘गिनीपिग’ म्हणत, आणि अंगावरच्या कोटावर अथेनाचं घुबड मिरवणाऱ्या या मंडळींनीही ती दरी बुजवली नाही. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात विस्कॉन्सिनच्या शेतकरी कुटुंबांना हे कॉलेज आपलं वाटायला हवं होतं, तसं ते वाटलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आपणहून आलेल्या, वाचनाची ओढ असलेल्या मुलांवर केलेल्या प्रयोगातून सर्वसाधारण विद्यार्थ्याविषयी काय सिद्ध होणार? शिवाय विद्यापीठात मुली शिकत असताना हे कॉलेज फक्त मुलांसाठी होतं, आणि ती उणीव कुठल्याही सबबीनं झाकता येत नाही. निवडक मुलांचं यश सगळ्यांना लागू होत नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, तिथून आलेल्या मुलालाच सामाईक वाचनाची गरज जास्त असते. शेजाऱ्याला विचारता येईल असा प्रश्न त्याच्याकडे तेव्हाच असतो, जेव्हा शेजारीही त्याच पानावर अडलेला असतो.

१९८७ मध्ये व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी कॉलेज का सोडतात यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या वर्षातली गळती विद्यापीठांच्या काळजीचा विषय बनली, आणि १९९० च्या दशकात सुरुवातीला सांगितले तसे निवासी गट झपाट्यानं वाढले. मिसुरी विद्यापीठानं १९९५ पासून नवख्या विद्यार्थ्यांचे छोटे गट एकत्र ठेवून त्यांना काही तास सामाईक दिले. गळती थांबवणं हे पुण्याचंच काम आहे आणि त्याला कमी लेखणं अन्यायाचं होईल. पण हेतू बदलला की रचनाही बदलते. मूल टिकावं एवढाच हेतू असेल तर ओळखीपाळखी, सहली आणि दोन सामाईक तास पुरतात. ते विचार करणारा नागरिक व्हावं असं वाटत असेल, तर वर्षभराचं एक कठीण वाचन आणि ते सोबत वाचणारा शिक्षक लागतो.

तो शिक्षक मिळणं हीच अडचण पुन्हा पुन्हा आड आली. मिकलजॉनचे शिष्य जोसेफ टस्मन यांनी १९६५ मध्ये बर्कलीला असाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांनी निवासाचा आग्रह सोडला, एकत्र बसायला एक घर घेतलं आणि सामाईक वाचन मात्र जपलं. मुलं येत होती. आपला विभाग आणि संशोधन बाजूला ठेवून दोन वर्षं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना देणारे प्राध्यापक मात्र मिळेनात, आणि १९६९ मध्ये तो अभ्यासक्रम थांबला. आजही बढती ठरवताना शोधनिबंध मोजले जातात. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलाचा कच्चा निबंध वाचत घालवलेली संध्याकाळ कुणी मोजत नाही. हा हिशेब बदलत नाही तोवर नव्या इमारती बांधून अ‍ॅडम्स हॉल पुन्हा उभा राहणार नाही.