नांगरलेला तलाव

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात आणि अलीकडे गोदामं. पण या गावाला वऱ्हाळदेवीचा तलाव आहे, कामवारी नदी आहे, ती जिथं मिळते ती वसईची खाडी आहे. या पाण्याबद्दल आम्ही ऐकतो ते बहुधा दोन प्रकारचं: जलपर्णी काढली, किंवा सुशोभीकरण होणार. काढलेली जलपर्णी पुन्हा येते. ती का येते, हे शोधताना मी तलावांच्या इतिहासात शिरलो आणि वाचता वाचता राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भंडारा-गोंदियात पोचलो.

तिथले तलाव माणसांनी बांधलेले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ओढ्यांवर मातीच्या पाळी घातल्या. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. नवेगावबांध त्यातलाच. शेताला पाणी कोहळ्यांचं आणि पाण्यातली मासोळी ढिवरांची, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली. पुढे ब्रिटिश अमलात ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

1951 साली मालगुजारी संपली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नको. पण तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि पाळीची डागडुजी, गाळाचा उपसा ही गावाची कामं कोणाचीच उरली नाहीत.

मग आली मत्स्यशेती. 1957 साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवून आणलं. फार मोठं यश ते. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचं बीज गावोगावी पोचलं. पण हे मासे वाहत्या पाण्यातले. साठलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. गावठी मासे पावसाळ्यात पाण्याबरोबर धानाच्या बांधीत चढत, उथळ पाण्यातल्या वनस्पतींत अंडी घालत, फुकट वाढत. पुढे गवत्या माशासारखे परदेशी मासेही सोडले गेले. त्याचं खाणंच पाणवनस्पती! त्यात काठावर बेशरम पसरली. ही अमेरिकेतून आलेली वनस्पती. गुरं तिला तोंड लावत नाहीत.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर पक्षी आणि तलाव यांचा अभ्यास करत होते. कोणत्या तलावात काय उगवायचं, कोणता मासा कशात लपायचा, हे त्यांना ढिवरांकडून कळत गेलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवतलावावर त्यांनी मच्छीमार संस्थेबरोबर काम सुरू केलं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची. एवढ्यावर थांबले असते तर आमच्या जलपर्णीसारखीच गत झाली असती. त्यांनी तळ चक्क नांगरला आणि पाणी भरल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या वनस्पती लावल्या. कोणी तळाशी वाढणारी, कोणी पानं तरंगवणारी. देवधान, म्हणजे रानटी भात, काठाच्या उथळात. भाताची आवणी करणाऱ्या हातांना हे काम काय नवं! हळूहळू गावठी मासे परतले, पक्षी वाढले. कुमुदिनी फुलली की मधमाश्याही पाण्यावर येतात.

निमगावच्या शालू कोल्हे यांनी पुढे ढिवर बायकांना या कामात आणलं. मासे विकायचे बायकांनी, तलावाबद्दल बोलायचं मात्र पुरुषांनी, ही तिथली जुनी चाल होती. चिखलात उभं राहून रोपं लावणाऱ्या बायकांना मग गप्प कोण बसवणार? मला तर या सगळ्या हकिगतीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हे सारं भिवंडीत जसंच्या तसं होणार नाही. रंगणावळीचं आणि गटाराचं पाणी जोवर नदीत येतं, तोवर स्वयंसेवकांनी कितीही घाम गाळला तरी व्यर्थ. ते अडवणं पालिकेचं आणि प्रदूषण मंडळाचं काम आहे. जलपर्णी पोसली जाते ती त्या सांडपाण्यावरच. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. सुशोभीकरण म्हणजे काठाला दगडी बांध, वर फरसबंदी आणि दिवे. असा सरळ बांध घातला की उथळ काठ संपतो, आणि अंडी, पिल्लं, फुलं सगळं त्या गुडघाभर पाण्यातच असतं. निदान एखादी बाजू मातीची, उतरती राहू द्या, असा आग्रह नागरिकांना धरता येईल. आणि वऱ्हाळदेवीच्या काठी पूर्वी काय उगवायचं, कोणते मासे मिळायचे, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जायला पालिकेची परवानगी लागत नाही.