मुंबईची नलिनी

रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पांढरी दाढी आणि पायघोळ झगा. पण १८७८ साली ते मुंबईस आले तेव्हा शाळेला कंटाळलेले, लाजरेबुजरे, सतरा वर्षांचे पोर होते. वडील बंधू सत्येंद्रनाथ, सिव्हिल सर्व्हिसमधले पहिले हिंदी गृहस्थ, त्या वेळी अहमदाबादेस न्यायाधीश होते. धाकट्याला विलायतेस धाडावयाचे, तर आधी इंग्रजी बोलण्याचा सराव हवा, म्हणून त्यांनी त्याला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. हे घर आपणांस परके नाही. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे डॉक्टरांचे वडील बंधू. आणि १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला त्यात डॉक्टर स्वतः अग्रभागी.

शिकवणीचे काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे आले. ती विद्यार्थ्याहून काही वर्षांनी मोठी, विलायत पाहून आलेली, बोलण्याचालण्यात सफाईदार. याच्यापाशी मिरवण्याजोगी विद्या कसली? तेव्हा त्याने आपले एकच भांडवल पुढे केले : मी कविता करतो. तिने ते खरे मानले. मला एखादे नाव दे, असे तिने मागितले, आणि त्याने दिले, ‘नलिनी’. त्या नावाभोवती त्याने एक गीतही रचले.

एके दिवशी तिने सांगितले, की झोपलेल्या स्त्रीचा हातमोजा जो चोरील त्याला तिचे चुंबन घेण्याचा हक्क मिळतो. थोड्या वेळाने ती आरामखुर्चीत झोपी गेली. जागी होऊन पाहते तो हातमोजे जागच्या जागी! मला वाटते, त्या दोघांमधले खरे अंतर वर्षांचे नव्हतेच. तिला जे उमगले होते ते त्याला अजून उमगावयाचे होते. सतराव्या वर्षी मुलगे असेच असतात. वर्गात मी रोज पाहतो.

मुलगी मोठी, एवढे ऐकले की आमची पोरे आजही तोंडे दाबून हसतात. आपल्याकडे एकदा ‘ताई’ म्हटले की पुढचा विषयच संपला. उलट बाजूच्या अंतराला मात्र कोणी हसत नसे. याच प्रार्थनासमाजातले न्यायमूर्ती रानडे १८७३ साली एकतिसाव्या वर्षी पुन्हा बोहल्यावर चढले, तेव्हा वधू रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. खुद्द रवींद्रनाथांचे लग्न १८८३ साली झाले. ते बावीस वर्षांचे, वधू त्यांच्या निम्म्याहूनही लहान. पंगती बसल्या, अहेर झाले, कोणी भुवई उचलली नाही.

मुंबईचा मुक्काम दोनएक महिन्यांचा. सप्टेंबरात बोट सुटली. १८८० साली अन्नपूर्णेने बडोद्याच्या शिक्षणखात्यातील हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला, पुढे ती तिकडेच गेली आणि १८९१ साली एडिंबरो येथे वारली. लिहिताना मात्र ती ‘नलिनी’ हे नाव वापरीत असे.

रवींद्रनाथांनी १९४० साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, बालपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यांत ती मुंबईची मुलगी आहे, आणि तिने केलेली एक विनवणीही आहे : कधी दाढी राखू नकोस, चेहऱ्याची रेघ झाकली जाईल. ती विनवणी त्यांनी मानली नाही, हे जगाला ठाऊक आहे. बासष्ट वर्षांनंतरही ती त्यांच्या ध्यानात होती.